पठाणाची अब्रू

पठाण हा शब्द उच्चारला की आमच्या आजोबांच्या पिढीतील मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे उभी राहत. एक, खांद्यावर पोतडी टाकून हिंग आणि सुका मेवा विकत दारोदार हिंडणाऱ्या उंचापुऱ्या काबुलीवाल्याचे. दुसरे, पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी दांडका घेऊन उभ्या राहणाऱ्या सावकाराचे. 'पठाणी व्याज' हा शब्द आपल्या भाषेत अजून टिकून आहे. सावकाराच्या अंगातील रग हीच कर्जाची हमी आणि त्याचा दांडका हीच वसुलीची नोटीस, असा सारा अनुभव त्या एका शब्दात साठलेला आहे. ह्याच पठाणांपैकी हजारोंनी १९२९ नंतर शपथपूर्वक बंदूक खाली ठेवली, अंगावर लाठ्या आणि गोळ्या घेतल्या आणि हात उचलला नाही, ही गोष्ट आपल्याकडे ऐकून ठाऊक असते. पण ती नीट समजून घेतलेली असते असे नाही. 'सरहद्द गांधी' हे नाव घेतले, हात जोडले आणि पुढे निघालो, असे आपले होते. आज आपण तेथे थोडे थांबणार आहोत.

थांबण्याचे कारण इतिहासाची हौस एवढेच नाही. अहिंसा म्हणजे दुबळ्यांचे अवसान, आणि पुरुषाने अहिंसक व्हावयाचे म्हणजे त्याने आपला पुरुषपणा थोडाथोडा सोडून द्यावयाचा, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. ही समजूत खरी असेल तर जगातील सर्वांत मानी पुरुषांमध्ये अहिंसेचे बीज रुजावयालाच नको होते. ते रुजले. कसे रुजले आणि पुढे त्याचे काय झाले, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम तो मुलूख पाहू. सिंधू नदीच्या पलीकडचा, पेशावर हे मुख्य शहर असलेला हा प्रदेश इंग्रजांनी १९०१ मध्ये पंजाबातून वेगळा काढून त्याचा वायव्य सरहद्द प्रांत केला. आज तो पाकिस्तानात असून २०१० पासून त्याचे नाव खैबर पख्तुनख्वा असे आहे. येथील पठाण 'पख्तुनवली' नावाची अलिखित आचारसंहिता मानीत आले. पाहुणचार हे तिचे एक कलम. शरण आलेल्यास अभय हे दुसरे. 'बदल', म्हणजे घेतलेल्या जिवाचा किंवा झालेल्या अपमानाचा सूड, हे तिसरे. ह्या सर्वांच्या मुळाशी एक शब्द आहे, 'नंग'. आपल्याकडे नंग म्हणजे निर्लज्ज, ज्याला अब्रूची चाड नाही असा माणूस. त्यांच्याकडे नंग म्हणजे साक्षात अब्रू. शब्द कानाला सारखाच लागतो, पण अर्थ उलटा.

ह्या अब्रूचे ओझे वाहावयाचे ते पुरुषाने. आजोबाचा खून झाला असेल तर नातवाने तो फेडावयाचा. न फेडणारा पुरुष चारचौघांत मान वर करून बसू शकत नसे. पुश्तू भाषेत चुलतभावाला 'तरबूर' म्हणतात, आणि ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ प्रतिस्पर्धी, वैरी असा होतो. हे ऐकून महाराष्ट्रातील श्रोत्याला नवल वाटू नये. 'भाऊबंद' ह्या गोड शब्दापासून आपणच 'भाऊबंदकी' हा कडू शब्द बनविला आहे. शेताच्या बांधावरून सख्ख्या चुलतभावांनी एकमेकांची डोकी फोडावी आणि मग दोन्ही घरे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत भिकेला लागावी, हे आपण आपल्या जिल्ह्यातही पाहिले आहे. फरक इतकाच, की तिकडे कोर्टाच्या पायरीऐवजी बंदुकीचा घोडा होता. अशा गावात पुरुष शेतावर जावयाचा तो बंदूक घेऊन, आणि घरी निजावयाचा तो दार आतून पक्के लावून. ज्याला आपण निर्भय समजतो तो पठाण आयुष्यभर आपल्या चुलतभावाला भीत असे. सूड घेण्याचा अधिकार म्हणून जे मिळाले होते, ती खरे पाहता एक कैदच होती.

ही कैद ज्याने ओळखली तो मनुष्य त्याच मातीतला होता. चारसद्द्याजवळील उतमानझई गावी १८९०च्या सुमारास अब्दुल गफार खान ह्यांचा जन्म झाला. वडील बहराम खान हे गावचे मोठे जमीनदार. गफार खान पेशावरच्या मिशन शाळेत शिकले. इंग्रजांच्या नामांकित 'गाइड्स' पलटणीत अधिकारी होण्याची संधी त्यांच्यापुढे चालून आली होती. पठाण तरुणाला ह्याहून मोठा मान कोणता? पण एका हिंदी अधिकाऱ्याचा गोऱ्याकडून झालेला पाणउतारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ती वाट सोडली. नंगची ही पहिली निराळी जाणीव. बंदूक हाती असूनही माणूस बेअब्रू होऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी दिसले.

१९१०च्या सुमारास त्यांनी शाळा काढण्यास प्रारंभ केला. १९२१ मध्ये समाजसुधारणेसाठी संस्था स्थापिली आणि उतमानझईला आझाद शाळा उघडली. सरकारला शाळाही खपेनात. १९२१ ते १९२४ पर्यंतचा काळ त्यांनी तुरुंगात काढला. १९२८ मध्ये त्यांनी 'पख्तून' नावाचे पुश्तू मासिक सुरू केले. ह्या मासिकात स्त्रिया लिहीत, आणि आमच्या दुःखाला आमचे पुरुषच कारण आहेत, असे एका लेखिकेने त्यात स्पष्ट बजावले होते. पुरुषांची अब्रू जिच्या नावाने राखली जाते तिलाच ती अब्रू जाचते, ही गोष्ट छापून येऊ देण्यासही धैर्य लागते. स्वतःच्या मुलींना शिकवून गफार खानांनी ते धैर्य घरातही दाखविले.

ह्या तयारीनंतर १९२९ च्या अखेरीस 'खुदाई खिदमतगार' म्हणजे ईश्वराचे सेवक ही संघटना जन्माला आली. ईश्वराला सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या लेकरांची सेवा हीच त्याची सेवा, असा नावाचा अर्थ होता. तिची शपथ नीट पाहण्यासारखी आहे. हिंसा करणार नाही, सूड घेणार नाही, जुलूम करणाऱ्यास क्षमा करीन, भांडणतंट्यांत आणि वैरात भाग घेणार नाही, प्रत्येक पठाणास भाऊ मानीन, आणि रोज निदान दोन तास समाजाचे काम करीन, असे प्रत्येकाने ईश्वराला स्मरून म्हणावयाचे. पठाण दिलेला शब्द मोडीत नाही, हाही पख्तुनवलीचाच भाग. गफार खानांनी अब्रूचा तो अलिखित कायदा रद्द केला नाही. त्यातील एक कलम उचलले, शब्द पाळण्याचे, आणि त्याच्या बळावर दुसरे कलम, सुडाचे, मोडून काढले. आम्हांस ह्या सर्व इतिहासाची किल्ली येथे दिसते. त्यांनी पठाणाला कमी पुरुष होण्यास सांगितले नाही. पुरुषपणाचे माप बदलले. मारणे सर्वांनाच येते, मार खाऊन जागेवर उभे राहील तो खरा, असे ते नवे माप होते. पैगंबरांनी मक्केत सोसलेल्या छळाचे स्मरण देऊन 'सब्र' म्हणजे धीर हे जुनेच शस्त्र आहे, असे ते सांगत. त्यामुळे अहिंसा ही परक्या मुलखातून आणलेली वस्तू आहे असे पठाणास वाटले नाही.

पण शपथ घेऊन माणूस बदलत नाही, हे आपण सर्व जाणतो. एक जानेवारीच्या शपथा किती दिवस टिकतात हे प्रत्येकाने आपल्याशी ताडून पाहावे. शपथ अंगी मुरविण्यासाठी खुदाई खिदमतगारांनी शिबिरे भरविली. लष्करातील जे जे पठाणाला आवडते ते सारे तेथे होते. गणवेश होता, पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते तांबूस विटकरी रंगात रंगविले, आणि त्यावरून सरकारने त्यांना 'लाल डगलेवाले' म्हणून हिणविले. कप्तान, कर्नल, जनरल असे हुद्दे होते, कवायत होती, ढोल होता. नव्हती ती फक्त बंदूक. तिच्या जागी झाडू, चरखा आणि जाते आले. जमीनदाराचा मुलगा आणि कुळाचा मुलगा शेजारी बसून दळू लागले, गावाचे रस्ते झाडू लागले. पुरुषाने जात्याला हात लावणे ही तिकडे काय, आपल्याकडेही त्या काळी थट्टेची गोष्ट होती. गावागावांच्या जिरगांतून जुनी वैरे मिटविण्याचे काम चाले. मेळाव्यांत कवने म्हटली जात, नाटके होत. एकट्याने सूड सोडणे म्हणजे गावात भित्रा ठरणे. शंभर जणांनी एकाच दिवशी, एकाच रंगाचे कपडे घालून, ढोलाच्या तालावर तो सोडला की तीच गोष्ट मानाची होते. ही शिबिरे म्हणजे लाज वाटून घेण्याचे कारणच बदलून टाकणारी शाळा होती.

ह्या शाळेची परीक्षा लगेच आली. २३ एप्रिल १९३० रोजी गफार खानांना अटक झाली. त्याच दिवशी पेशावरमध्ये इतर पुढाऱ्यांनाही पकडण्यात आले आणि किस्साख्वानी बाजारात, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांच्या बाजारात, लोकांचा प्रचंड जमाव गोळा झाला. चिलखती मोटारी गर्दीत घुसल्या, माणसे चिरडली गेली. एक मोटार जळाली, हेही सांगितले पाहिजे. जमावातील सर्वच जण शपथ घेतलेले नव्हते. मग गोळीबार सुरू झाला. सरकारने मृतांचा आकडा काही डझनांत सांगितला, लोकांनी शेकड्यांत. पुढची माणसे पडली की मागची छाती उघडी करून पुढे येत, असे पाहणाऱ्यांनी नोंदविले आहे. तेथे रॉयल गढवाल रायफल्सच्या तुकडीला गोळी चालविण्याचा हुकूम झाला, तेव्हा चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी तो मानला नाही. लष्करी न्यायालयापुढे चंद्रसिंगांना जन्मठेप झाली, इतरांना लांबलांबच्या शिक्षा. निःशस्त्र मुसलमान जमावावर हिंदू शिपायांनी बंदूक रोखली नाही. धैर्य त्या दिवशी बाजारात दोन्ही बाजूंना उभे होते.

पुढचे महिने अधिक कठीण गेले. उतमानझईचे कार्यालय जाळण्यात आले. पुरुषांना मारझोड तर झालीच, पण जे पठाणाला मरणाहून वाईट, ते म्हणजे अंगावरचे कपडे उतरवून चारचौघांत विटंबना, तेही झाले. राज्यकर्त्यांना पठाणाची नाडी ठाऊक होती. अब्रूवर घाव घातला की तो बंदूक उचलील आणि मग त्याला चिरडणे सोपे जाईल. घाव घातला गेला आणि बंदूक उचलली गेली नाही. एप्रिलच्या आरंभी ज्या संघटनेत हजाराच्या आसपास माणसे होती ती काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढली.

ह्या कथेचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रात घडला आहे, आणि तो आपण विसरता कामा नये. १९३१ च्या अखेरीस पुन्हा पकडले गेलेले गफार खान १९३४ मध्ये सुटले, पण सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकण्यास त्यांना बंदी होती. तेव्हा ते वर्ध्यास येऊन राहिले. गांधीजी तेथे होते, जमनालाल बजाजांचे घर होते. खानसाहेबांची मुलगी तेथील महिलाश्रमात शिकली. त्याच ऑक्टोबरात मुंबईस काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्षपद स्वीकारण्याविषयी विचारणा झाली असता आपण साधे शिपाई आहोत, असे म्हणून त्यांनी ते नाकारले. ह्याच मुक्कामात नागपाड्याच्या नेबरहुड हाउसमध्ये हिंदी ख्रिस्ती मंडळींच्या सभेत ते बोलले. नागपाडा म्हणजे तेव्हाही सर्व धर्मांच्या कष्टकऱ्यांची दाट वस्ती. समाजसेवेचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ मध्ये ज्या वास्तूत सुरू झाली तीच ही. म्हणजे आपल्या व्याख्यानमालेसारखीच नागरिकांची सभा, समोर सामान्य माणसे, आणि बोलणारा सांगतो आहे की पेशावरात काय घडले. त्या भाषणासाठी डिसेंबरात त्यांना वर्ध्यात अटक झाली आणि दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. पुढे १९६७ मध्ये त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र लिहिले तेही एका मराठी माणसाने, गांधीचरित्रकार दीनानाथ गोपाळ तेंडुलकर ह्यांनी.

आता ह्या इतिहासाची दुसरी बाजू. १९३८ मध्ये गांधीजी सरहद्द प्रांतात हिंडले. हजारो शिस्तबद्ध खुदाई खिदमतगार पाहून ते भारावून गेले नाहीत, उलट त्यांनी टोचणारा प्रश्न विचारला: बंदूक ठेवल्यावर तुम्हांला आपण अधिक बलवान झालो असे वाटते काय? तसे वाटत नसेल तर ती परत उचललेली बरी, असा त्यांचा आशय होता. तुमची अहिंसा तुमच्या नेत्यावरील प्रेमाची आहे की तुमची स्वतःची, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते. हा प्रश्न पुढे खरा ठरला. १९४७ मध्ये फाळणीचे सावट पडले. तेव्हा खुदाई खिदमतगारांच्या रक्षणासाठी सशस्त्र तरुणांची वेगळी संघटना उभी केली ती खानसाहेबांच्याच मुलाने, कवी गनी खान ह्यांनी. बापाच्या शपथेतून ती बाहेरची होती. पण बाप आणि मुलगा ह्यांच्यामधील ते अंतर आम्हांस मोलाचे वाटते. अहिंसा वारशाने मिळत नाही. प्रत्येकाला ती नव्याने शिकावी लागते.

सार्वमतावर बहिष्कार, पाकिस्तानची स्थापना, आणि मग नव्या राज्याचा संशय. १२ ऑगस्ट १९४८ रोजी चारसद्द्याजवळ बाबडा येथे खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला. सरकारने पंधराच्या आसपास मृत्यू मान्य केले; चळवळीच्या माणसांनी सहाशेच्या घरातील आकडा सांगितला. ह्या वेळी गोळी झाडणारे परके नव्हते. लवकरच संघटना बेकायदा ठरली. शिबिरे बंद पडली, कवायती थांबल्या, मासिक गेले. खानसाहेबांच्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा तुरुंगात गेला, त्यातला मोठा भाग स्वातंत्र्यानंतर. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले, तेव्हा अहमदाबाद दंगलीत होरपळत होते. त्यांनी उपवास केला. २० जानेवारी १९८८ रोजी पेशावरात ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे जलालाबादेस त्यांचे दफन झाले. अफगाणिस्तानात युद्ध चालू होते. दफनासाठी बंदुका थांबल्या. तरीही त्या गर्दीजवळ स्फोट होऊन माणसे मेलीच.

१९९० नंतरच्या दशकात मुकुलिका बॅनर्जी ह्या अभ्यासक बाई त्या प्रांतात गेल्या आणि त्यांनी सत्तरच्या आसपास वृद्ध खुदाई खिदमतगारांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. चळवळ मोडून चार दशकांहून अधिक काळ लोटला होता. तरी त्या म्हाताऱ्यांना शपथ आठवत होती, शिबिरे आठवत होती, गावातील वैरे कशी मिटली ते आठवत होते. त्यांच्या नातवंडांच्या पिढीला मात्र हे शिकविणारी शिबिरे उरली नव्हती, आणि त्या मुलखात बंदूक पुन्हा आली. माणसे तीच, धर्म तोच, अब्रूची भूकही तीच. गेले होते ते रोजचे दोन तास.

आपल्यापुरता ह्याचा अर्थ काय? १९५७ मध्ये विनोबांनी शांतिसेना उभी केली. १९९३ मध्ये मुंबईत 'मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज', थोडक्यात 'मावा', ही संस्था स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध पुरुषांनीच काढली. वाटा निराळ्या असतील, पण पुरुषांनी पुरुषांशी बोलले पाहिजे, ही जाण सारखीच आहे. देशातील २०२२ च्या सरकारी नोंदीत दर दहा आत्महत्यांपैकी सात पुरुषांच्या होत्या. कर्ज, घरातील बेबनाव, दारू, अशी कारणे प्रत्येकाची निरनिराळी. पण चारचौघांत कमीपणा येईल म्हणून मनातले न बोलणारा पुरुष आपण सर्वांनी पाहिला आहे. तोही एका परीने दार आतून लावून निजणारा पठाणच. त्याच्या हातातील बंदूक कधी बायकोकडे वळते, कधी भावाकडे, आणि कधी स्वतःकडे.

आपल्या गावात तालीम आहे, व्यायामशाळा आहे, गणेशोत्सवाची मंडळे आहेत, ढोलपथके आहेत. पुरुषांनी एकत्र जमण्याची जागा आपल्याकडे मुळीच कमी नाही. उतमानझईच्या शेतकऱ्यांकडेही अगोदर जिरगा होत्या, ढोल होते, मानपानाच्या कल्पना होत्या. त्यांनी त्यातील काहीही टाकले नाही. त्या जमण्याला एक शपथ जोडली आणि काही काम जोडले. गफार खानांसारखा माणूस दर पिढीला लाभत नाही, हे खरे. पण रस्ता झाडावयास, वर्षानुवर्षे न बोललेल्या चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन बसावयास आणि गप्प झालेल्या मित्राला 'काय रे, बरा आहेस ना?' असे विचारावयास तेवढा मोठा माणूस लागत नाही. ह्या मंडपात आपण रोज संध्याकाळी तास-दीड तास बसतो. खुदाई खिदमतगारांचे मागणे त्याहून फारसे अधिक नव्हते.